काल्याआधीची डिस्क

या, असे जवळ येऊन बसा. मांडवाच्या कडेला उभं राहून गोष्ट ऐकू नये; अर्धी वाऱ्यावर जाते आणि उरलेली अर्धी उगाच समजल्यासारखी वाटते. बसलात? आज राजाची नाही सांगत, साधूची नाही. आपल्या सोनईच्या हनुमंततात्यांची सांगतो. तुमच्यातल्या कित्येकांनी त्यांना पाहिलं असेल, पण पाहिल्याचं आठवणार नाही. सप्ताहात खांबाआड, आवाजाच्या पेटीपाशी, कानाला हेडफोन लावून मान खाली घालून बसलेला माणूस कुणाच्या ध्यानात राहतो? सगळ्यांचे डोळे महाराजांकडे. असावेतच.

तर तात्या नगरला एका दुकानात काउंटरपाशी उभे आहेत. शुक्रवारची सकाळ, अकराचा सुमार. काउंटरवर दोन बर्नर, म्हणजे डिस्क लिहायची खोकी, ठेवलेली. एक काळंभोर, नवंकोरं, प्लास्टिकच्या पिशवीतलं. दुसरं दात पिवळे पडावेत तसं पिवळं पडलेलं.

"ह्याचं तोंड काळं हाय," दुकानदार म्हणाला. "तुमचा कंप्युटर पांढरा. चालंल का?"

"माझंबी काळंच हाय. बायकोनं अजून हाकलून न्हाई दिलं."

दुकानदार हसला. पंकज त्याचं नाव. चाळिशीचा गडी, कपाळावर भिंग लावलेला. मोठ्या दुकानांतून 'काका, आता नवाच घ्या' असं ऐकून परत फिरलेली माणसं शेवटी पंकजकडे यायची. त्याच्या मागच्या फळ्यांवर मेलेल्या कंप्युटरांची हाडं रचून ठेवली होती, आणि त्यातलं कुठलं हाड कुणाला बसेल ते त्याला पाठ होतं.

"हे बघा तात्या. तुमची मशीन दोन हजार सहाची. तिच्यात ही असली रुंद पट्टीची वायर हाय. आयडीई म्हनत्यात हिला. आता नवे बर्नर येत्यात ते समदे साटा, त्यांची वायर ही बारकी. बारकी पिन रुंद पट्टीत बसायची न्हाई. म्हनून मधी हे कार्ड लावायचं." त्याने काडेपेटीएवढी हिरवी पट्टी काळ्या खोक्यावर ठेवली. "चालतं. ग्यारंटी वर्साची."

"आन् हे पिवळं?"

"हे जुनं हाय. बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं. रुंद पट्टीचंच, मधी काय लावायला नको. तुमच्या आधीच्या बर्नरच्याच कंपनीचं, त्याच वक्ताचं. ट्रे अडतो, जरा चापट मारावी लागती. ग्यारंटी शून्य." पंकजने भिंग वर सारलं. "पन तुमच्या जागी मी आसतो तर हेच नेलं आसतं."

"का रं बाबा?"

"ती डिस्क तुमी बंद केल्ती का उघडीच हाय?"

तात्यांनी मान खाली घातली. काउंटरच्या काचेखाली वायरींची वेटोळी होती, त्यांकडे बघत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, डिस्क उघडी म्हणजे काय आणि बंद म्हणजे काय. सांगतो, त्यातच सगळं आहे.

तात्यांचा फोटो स्टुडिओ. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो ही पोटाची कामं. पण जीव होता सप्ताहात. पंचक्रोशीत कुठेही वीणा उभी राहिली की तात्या आपली पेटी घेऊन हजर. माईकचा आवाज पेटीत, पेटीचा कंप्युटरात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचं कीर्तन डिस्कवर; तिथे उतरलं की जागेपायी कंप्युटरातलं पुसून टाकत. त्यासाठी पुसून पुन्हा लिहिता येणारी एक डिस्क ते वापरत. पहिला दिवस लिहिला, डिस्क उघडीच ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यातच पुढे लिहिलं. असे सात दिवस. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटला गेला, की ते हात धुऊन कंप्युटरपुढे बसत आणि 'डिस्क बंद करा' हे बटण दाबत. बंद झालेली डिस्क कुठल्याही यंत्रात वाजते. मग तिच्यावरून गावासाठी शंभर-दीडशे साध्या डिस्क निघत, आणि मूळ डिस्क पुढच्या सप्ताहासाठी पुसली जाई.

काल्याआधी डिस्क बंद करायची नाही, हा तात्यांचा नेम. कुणी सांगितला नव्हता, कुठल्या पोथीत नव्हता. पण नेम तो नेम. सप्ताह पुरा व्हायच्या आत डिस्कचं तोंड मिटायचं म्हणजे त्यांना पंगत चालू असताना वाढप्यानं बादली उचलून न्यावी तसं वाटायचं.

आणि तेरा वर्षांपूर्वी बेलाच्या वाडीला रंगनाथ महाराजांचा सप्ताह होता. वाडी लहान. दुसरीकडे रोज नवे कीर्तनकार असत, इथे सातही दिवस एकटे रंगनाथ महाराज. वाडीचेच ते, शेतात पाणी धरून यायचे, पाय धुवायचे आणि उभे राहायचे. सहाव्या दिवशी त्यांनी एका गौळणीला स्वतः बसवलेली नवी चाल लावली. एकदाच म्हटली, आणि म्हणाले, "ही चव आज दाखवली. पोटभर उद्या काल्याला." मांडव हसला.

कीर्तनानंतर पंगतीत महाराज तात्यांच्या शेजारी बसले होते. भाताला हात लावता लावता म्हणाले, "हनुमंता, आजवरची डिस्क दे बरं मला सकाळी. माझीच चाल माझ्या कानानं ऐकू तर दे. जनमभर दुसऱ्यांना ऐकवलं, सोताला कधी ऐकलं न्हाई."

"काला होऊ द्या महाराज. काल्याबिगर मी बंद करीत न्हाई, आन् बंद केल्याबिगर तुमच्या घरच्या पेटीत ती वाजायची न्हाई."

"आसं व्हय? मग नेम मोडू नको बाबा," महाराज म्हणाले आणि आमटी मागितली.

पहाटे काकड्याला ते उठले नाहीत. झोपेतच गेले.

वाडीने काला थांबवला नाही. सप्ताह अर्धा सोडत नाहीत. दुसऱ्या गावच्या महाराजांनी तो केला. तात्यांनी सहावा दिवस डिस्कवर उतरवला, पण काल्याला पेटी लावलीच नाही. डिस्कही बंद केली नाही. हा काला महाराजांचा नव्हता, मग डिस्क कशाच्या जोरावर मिटायची? पिवळ्या रेशमी फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिली. पुढे लोक पेन ड्राईव्ह मागू लागले. जुन्या बर्नरचा ट्रे अडकायला लागला, तेव्हा तात्यांनी तो उपसून भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. ती डिस्क ओळखणारं एकच यंत्र जगात होतं, ते आपण भंगारात घालतोय, हे त्या दिवशी त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

आणि आता महाराजांची मुलगी ज्ञानेश्वरी, बाप गेला तेव्हा बारावीच्या परीक्षेसाठी मामाकडे असलेली, कीर्तनकार झाली होती. यंदा बेलाच्या वाडीने काल्याला तिलाच बोलावलं होतं. परवाच्या रविवारी. तिने फोन करून विचारलं होतं, "काका, आण्णांनी सहाव्या दिवशी गौळन म्हनली ती तुमच्याकडं हाय ना? ती काल्याला म्हनायची राह्यलीय. मी म्हनते. पन त्यांच्याच चालीत."

महाराजांना हार्मोनियमची साथ करणारे पेटीवाले काका वारलेले. टाळकऱ्यांना विचारलं तर तिघांनी तीन चाली म्हणून दाखवल्या. तात्या म्हणाले, "हाय. शुक्रवारी आनून देतो."

"उघडीच हाय," तात्या शेवटी पंकजला म्हणाले.

"मग ऐका. उघडी डिस्क जिनं लिहिली त्या मशीनला ओळख देती. दुसऱ्याला बऱ्याचदा कोरीच दिसती. त्याच कंपनीचं, त्याच वक्ताचं आसलं तर आशा धरायची. म्हनून म्हनतो, पिवळं न्या. न्हाईतर आसं करा, डिस्कच हितं घेऊन या. माझ्याकडं पाच-सहा पडल्यात, एकेकात घालून बघू."

"डिस्क न्हाई हलवायची. जिथं लिहिली तिथंच उघडायची."

"तात्या, डिस्क हाय ती. तुळशीवृंदावन न्हाई."

तात्यांनी पिवळं खोकं हातात घेतलं. वर सिनेमातल्या कुठल्या बाईचं स्टिकर कुणीतरी नखानं खरडलेलं. गाल गेला होता, डोळा उरला होता. ट्रेच्या कडेला बोटांचा काळपट चिकटा.

"काय काय बघितलं आसंल ह्यानं," तात्या म्हणाले.

"बघितलं लोकांनी. ह्यानं बिचाऱ्यानं नुसतं फिरवलं."

तात्या हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे रेशमी फडकं आलं. त्यातून निघालेली डिस्क ह्या डोळा मारणाऱ्या बाईच्या तोंडात द्यायची? महाराजांचे सहा दिवस? घरी देवाला वाहायचं फूल ते हुंगत नसत. नैवेद्याची वाटी वेगळी, तिला कुणाचा हात लागू देत नसत. असा माणूस. त्याने पिवळं खोकं हलकेच खाली ठेवलं.

"काळं दे. देवाच्या कामाला कोरं आसावं."

पंकजने एकदा त्यांच्याकडे बघितलं. "तुमची मर्जी. पन एक ध्यानात ठेवा. कोरी दाखवली तर कायबी दाबू नका. भायेर काढा आन् मला फोन लावा. काय?"

"व्हय."

"काय म्हनलो मी?"

"कायबी दाबायचं न्हाई. म्हातारा झालो, बहिरा न्हाई झालो अजून."

घोडेगावपर्यंत एसटीत उभं राहावं लागलं. पिशवी तात्यांनी छातीशी धरली होती. घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. जयमालाबाईंनी ताट वाढलं होतं, पण तात्या हात धुऊन थेट कंप्युटरपाशी बसले.

"जेवा तर आधी. डिस्क पळून चाललीय का?"

"आलोच गं."

बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. आत कोळ्याने संसार मांडलेला. फुंकर घातली, ब्रशने झाडलं. काळं खोकं खाचेत सरकवलं; नवं असून पहिल्या झटक्यात बसलं. हिरवी पट्टी लावली, रुंद वायर पट्टीला, बारकी वायर खोक्याला, चार स्क्रू. पांढऱ्या खोक्याला काळं तोंड खरोखरच विचित्र दिसत होतं. बटण दाबलं. कंप्युटर कुरकुरला, विचार करत बसला, आणि नवा पाहुणा त्याने मान्य केला. ट्रे बाहेर आला, लोण्यातून यावा तसा, आवाज न करता. तात्यांना भरून आलं. त्यांनी हात पुन्हा धुतले, देव्हाऱ्यातून फडकं काढलं, डिस्क ट्रेवर ठेवली आणि नमस्कार केला.

ट्रे आत गेला. दिवा लुकलुकला. पडद्यावर अक्षरं आली: कोरी डिस्क.

बाहेर काढली. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली. परत घातली. कोरी डिस्क.

कंप्युटर बंद करून चालू केला. कोरी डिस्क.

"काय झालं हो?" दारातून जयमालाबाई.

"काय न्हाई. ओळख पटंना त्याला."

फोन शेजारीच होता. तात्यांनी तो उचलला. पंकजचं नाव काढलं. आणि खाली ठेवला.

इथे माणूस का थांबला, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. आळस नव्हता. घमेंड म्हणाल तर थोडी असेल. इतक्या वर्षांत हजारांवर डिस्क त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केल्या होत्या. त्यांचा हिशेब सरळ होता. उघडी डिस्क दुसऱ्या यंत्राला कळत नाही. बंद केलेली सगळ्यांना कळते. मग ही बंद करायची, की झालं. पण त्या हिशेबाखाली दुसरंच काहीतरी होतं. तेरा वर्षं ते पंगतीतलं वाक्य त्यांच्या कानात होतं, 'सोताला कधी ऐकलं न्हाई.' नेमापायी एका माणसाला त्याचा स्वतःचा आवाज ऐकू दिला नाही आपण. आता त्याच्याच लेकीच्या तोंडून काला पुरा होणार आहे. म्हणजे नेम पाळला गेलाच. आता बंद करायला हरकत नाही. उलट आता बंद करायलाच हवी.

त्यांनी डिस्क लिहायचा जुना प्रोग्राम उघडला. बंद करायचं बटण होतं, पण प्रोग्राम म्हणाला, आधी डिस्कवर निदान एक तरी फाईल द्या. तात्यांनी इकडे तिकडे शोधलं आणि महाराजांचा फोटो दिला. त्यांनीच काढलेला, फेट्यातला, वीणा खांद्यावर. मागोमाग एक चौकट आली, त्यात आधीचं जाईल असं काहीसं इंग्रजीत होतं. असल्या चौकटी नेहमीच यायच्या. कधी वाचल्या नव्हत्या. डोळे मिटून त्यांनी 'रामकृष्णहरी' म्हटलं आणि दाबलं.

निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. चार मिनिटं. मग डिस्क बंद झाली, आणि काळ्या खोक्याने ती ओळखली. झटकन ओळखली. तात्यांनी ती उघडली.

आत एक फाईल होती. रंगनाथ महाराज, फेट्यात.

बाकी काही नव्हतं. पुसून लिहायचीच डिस्क ती. नव्या यंत्राला कोरी वाटली, त्याने पहिल्या ओळीपासून आपलं लिहिलं आणि दार लावून घेतलं.

पंकजला फोन केला तेव्हा पाच वाजले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे भिंग काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला.

"तात्या," तो म्हणाला, "जेवलात का?"

तात्यांना कळलं.

ताट तसंच झाकून होतं. जयमालाबाई जवळ येऊन बसल्या. त्यांना डिस्कातलं काही समजत नव्हतं. नवऱ्याचा चेहरा समजत होता. "तेरा वर्सं झाली हो. तुमी सांगा तिला, जुनी हुती, खराब झाली. बुरशी लागत न्हाई का? कुनाला काय कळनार हाय."

"मला कळनार हाय ना."

"तुमाला तर काय, दूध नासलं तरी तुमीच नासवल्यावानी वाटतं."

"हे मीच नासवलंय, जयमाले."

शनिवारी सकाळी तात्या बेलाच्या वाडीला गेले. वाटेत उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, एम-ऐंशी गाडी कडेने काढावी लागली. ज्ञानेश्वरी चुलत्याच्या पडवीत पेटी घेऊन बसली होती. पांढरी साडी, कपाळाला बुक्का. वडिलांसारखंच रुंद कपाळ. तात्यांना पाहून उठली, पाया पडायला वाकली. तात्या मागे सरले.

"आनली काका?"

तात्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिवळं आणि काळं. पंकज काय म्हणाला. आपण काय दाबलं. एक शब्द मऊ केला नाही. मग पिशवीतून फडकं काढून पडवीच्या कठड्यावर ठेवलं, जणू पावती द्यावी तसं.

ज्ञानेश्वरीने फडक्याला हात लावला नाही.

"आण्णांनी मागितल्ती ना ही तुमच्याकडं? सहाव्या दिवशी?"

"व्हय."

"आई सांगायची. पंगतीत सगळ्यांनी ऐकल्तं म्हनं." ती पेटीचा भाता उगाच दाबत, सोडत राहिली. "तवा दिली आसती तर त्यांनी ऐकली आसती. परवा मी फोन केला तवा नुसतीच आनून दिली आसती तर मी नगरला दहा जागी फिरले आसते. काका, तुमी नेम कुनासाठी पाळता हो?"

अंगणात कुणीतरी काल्याची हंडी चुन्याने रंगवत होतं. त्या माणसाने वर बघितलं आणि परत मान खाली घातली.

"येतो ताई," तात्या म्हणाले.

"बसा." ती डोळे पुसून म्हणाली. आवाज अजून रागातलाच होता. "टाळकरी मागं म्हनत्यात. त्यांना मागचा गलकाच ध्यानात राहतो. पेटीवाल्याचं ध्यान आपल्या बोटांकडं. आण्णांचा निस्ता आवाज, एकट्याचा, कोन ऐकत हुतं सहाबी दिवस? कानाला ते लावून?"

"मी."

"मग म्हना."

"मी? अगं मला म्हनता येत न्हाई. मी जनमात आरतीसुदा मोठ्यानं म्हनली न्हाई."

"मला तरी कुठं पैल्या दिवशी येत हुतं? म्हना काका. उद्या सकाळी दहाला उभं राह्यचंय मला."

तात्या पडवीत खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. साठ वर्षांचा गळा, चहा आणि बिडीने घासलेला, कधी न वापरलेला. पहिला स्वर निघाला तो खोकल्यासारखा. हंडी रंगवणारा माणूस हसू दाबत आत गेला. पण तात्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात कानांवर ठेवले, हेडफोन धरतात तसे. आणि आतून कुठून तरी गौळणीचं ध्रुपद, फिरून फिरून येणारी ती ओळ, आलं. वेडंवाकडं, पण आलं. ज्ञानेश्वरीचे पेटीवरचे हात थबकले. तिने ते धरलं, सरळ केलं, परत म्हटलं. "आसं?"

"आसंच. 'गोकुळी'वर जरा थांबायचे ते. श्वास घ्यायचे."

"हां. थांबायचे. सगळीकडंच थांबायचे आण्णा." ती पहिल्यांदा हसली.

अंतराही आला. एक ओळ गेली, मग दुसऱ्या ओळीला धरून परत आली. दुपार कलली. चुलतीने दोनदा चहा ठेवला, दोन्हीदा निवला. आता एकच जागा राहिली होती. अंतरा संपवून ध्रुपदावर उतरताना महाराजांनी एक वळण घेतलं होतं; त्या वळणाला त्या दिवशी सगळा मांडव 'अहाहा' करून उठला होता. तो 'अहाहा' तात्यांना लख्ख आठवत होता. वळण आठवत नव्हतं.

एकदा म्हटलं, ते दुसऱ्याच गौळणीत गेलं. पुन्हा म्हटलं, ते अर्ध्यात तुटलं. तिसऱ्यांदा तर पहिल्यासारखंही झालं नाही. ज्ञानेश्वरी बघत होती. सकाळचा राग तिच्या तोंडावरून गेला होता. तिथे आता आई बाजारातून यायची वाट बघणाऱ्या पोरीचं तोंड होतं. चौथ्यांदा तात्यांनी डोळे मिटले आणि जे गळ्यात आलं ते येऊ दिलं. वरून हळूच घसरत, मध्ये एका जागी डगमगून, मग एकदम ध्रुपदाच्या पायाशी. ते महाराजांचं नव्हतं. तात्यांना म्हणतानाच कळलं की नव्हतं.

"हे?" ज्ञानेश्वरीने विचारलं. तिने ते पेटीवर वाजवलं, मग गळ्यातून काढलं. तिच्या गळ्यात ते सुंदर झालं. "आण्णांनी हेच घेतल्तं?"

सकाळी उभ्याउभ्या सगळं खरं सांगून आलेला माणूस होता हा. त्याने मांडीवरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली.

"व्हय," तात्या म्हणाले. "हेच."

रविवारी काला झाला. बेलाच्या वाडीत इतकी माणसं कधी जमली नव्हती. ज्ञानेश्वरीने गौळण घेतली तेव्हा मृदंगवाल्याने डोळे मिटले. टाळ एकदम असे पडले की मांडवाची कनात हलली म्हणावी. आणि ती त्या वळणावरून खाली उतरली तेव्हा लोकांनी तसंच 'अहाहा' केलं, अगदी तसंच, तेरा वर्षांपूर्वीसारखंच. सगळ्यांनी डोळे मिटले होते. खांबाआड एकटे तात्या आवाजाच्या पेटीवरच्या सुईकडे बघत होते.

प्रसाद वाटताना म्हातारे टाळकरी अंगदबाबा त्यांच्याकडे आले. लाह्या दाढीत अडकलेल्या, गाल ओले.

"हनुमंता! महाराजच उभं केलं रं पोरीनं! आन् ती खाली यायची जागा ध्यानात हाय का तुला? मला तर आजच्यावानी याद हाय. तसूभर फरक न्हाई बघ."

"व्हय बाबा," तात्या म्हणाले आणि अंगदबाबांच्या दाढीतली एक लाही बोटाने काढली.

आता ती चाल बेलाच्या वाडीची राहिली नाही. ज्याच्या त्याच्या मोबाईलात आहे. नेवाशात म्हणतात, पारनेरकडे म्हणतात, परवा एका लग्नात बॅण्डवाल्यांनीही वाजवली. रंगनाथ महाराजांची चाल म्हणूनच सगळे म्हणतात, आणि तशीच म्हणावी. ध्रुपद त्यांचं आहे, अंतरा त्यांचा आहे, 'गोकुळी'वरचा श्वास त्यांचा आहे. तिथे महाराजांना हात जोडा. फक्त अंतरा सरून ध्रुपदावर उतरताना ती एक जागा येते ना, जिथे आवाज जरासा डगमगतो, तिथे, मायबापहो, माझं एवढं ऐका. तेवढ्या एका श्वासापुरतं मांडवाच्या खांबाआड बघा, आणि आमच्या हनुमंततात्यांना आठवा.